आधी पाणी, मग आग

बेगल पहिल्या भेटीत कुणाशी गोड बोलत नाही. बोटानं दाबला तर दबत नाही, दातांनी ओढला तर लगेच सुटून येत नाही. दोन्ही हातांनी धरून मान जरा वाकडी करून ओढावं, तेव्हा त्याची पातळ, चकचकीत, तांबूस साल फुटते आणि आतला पांढरा, दाट गाभा दिसतो. चावायला वेळ लागतो. पहिल्या दोन-चार चावण्यांत तो चवसुद्धा सांगत नाही. मग हळूहळू मैद्यातला गोडवा उतरू लागतो, त्याच्यामागून मॉल्टचा खमंगपणा येतो आणि घास संपता संपता कळतं, की आपण काहीतरी खाल्लं आहे. पावांच्या घराण्यात बहुतेक मंडळी मवाळ असतात. चहात बुडतात, रश्शात विरघळतात, लोण्यापुढे मान टाकतात. हा मात्र ताठ. खाणाऱ्याकडून थोडे कष्ट मागणारा हा पाव मला फार आवडतो, आणि त्याच्या ताठपणामागची चारशे वर्षं समजल्यापासून त्याच्याबद्दल आदरही वाटतो.

ताठपणा त्याला आयता मिळालेला नाही. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडं बार्लीचं मॉल्ट, एवढीच त्याची शिदोरी. साध्या बेगलात दूध नाही, अंडं नाही, तूप-लोणी नाही. हेच जिन्नस जगातल्या शेकडो पावांत असतात. फरक पडतो तो प्रमाणानं आणि वागणुकीनं. साध्या पावाच्या पिठात शंभर ग्रॅम मैद्याला साठ-पासष्ट ग्रॅम किंवा त्याहून जास्त पाणी घालतात. बेगलला पन्नास ते पंचावन्नच्या आसपास. त्यात मैदा भरपूर ग्लुटेनचा. असं पीठ मळताना मनगटं भरून येतात. घरगुती मिक्सरची मोटार तापून बंद पडते. मळून झालं की त्याची लांब वळी करायची, ती तळहाताभोवती गुंडाळायची आणि दोन टोकं ओट्यावर दाबून, घासून एकजीव करायची. सराईत कारागिराचा हात हे काही सेकंदांत करतो, आणि तासन् तास करत राहतो.

त्यानंतर त्याला थंडीत ठेवतात. चांगल्या बेकरीत वळलेले बेगल रात्रभर, कधी पूर्ण दिवसभर शीतपेटीत असतात. थंडीमुळे यीस्टचं काम मंदावतं. पीठ फुगण्याची घाई करत नाही आणि त्या संथ आंबण्यात चव तयार होते. भाजल्यावर बेगलच्या सालीवर बारीक बारीक फोड दिसले, तर समजावं की याला रात्रभर थंडीत विसावा मिळाला आहे.

आणि मग येतं पाणी. पिठाचा गोळा उकळत्या पाण्यात शिजवण्याचं आपल्याला नवल नाही. वरणफळं आपण करतोच. पण वरणफळं उकळत्या वरणात शिजली की ताटात येतात. बेगलला पाण्यातून काढून थेट भट्टीत घालतात. पाण्यात तो फार वेळ राहत नाही, एकेका बाजूनं अर्धं ते एक मिनिट. तेवढ्यात त्याच्या बाहेरच्या थरातलं पिष्ट शिजून चिकट होतं आणि अंगावर घट्ट कातडं धरतं. भट्टीत गेल्यावर पोटातला वायू फुगू पाहतो, पण हे कातडं त्याला मनासारखं फुगू देत नाही. म्हणून गाभा दाट राहतो. पाण्यात मॉल्ट घातलेलं असतं, त्यानं साल चकाकते आणि तांबूस होते. पाण्यातून काढलेले ओले बेगल तीळ किंवा खसखशीत घोळवून ओलं गोणपाट ताणून बसवलेल्या लांब फळ्यांवर पालथे मांडतात आणि फळ्यांसकट भट्टीत सारतात. काही मिनिटांनी फळ्या उलटल्या की बेगल तापल्या फरशीवर सुलटा पडतो. गोणपाटाच्या ओलाव्यामुळे त्याचं अंग आधी करपत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या भाजल्या जातात. पूर्वीच्या न्यूयॉर्कमधल्या बेकऱ्यांत या उकळत्या पाण्याच्या हंड्यावर एक स्वतंत्र माणूस असायचा. कोणता बेगल कधी बाहेर काढायचा ते तो नजरेनं ठरवायचा.

हल्ली पुष्कळ ठिकाणी हंडा गेला आहे. भट्टीतच वाफ सोडतात आणि काम भागवतात. वाफेनं वरून थोडी चमक येते, पण ते कातडं येत नाही. पाण्यातून न गेलेला बेगल म्हणजे मधे भोक असलेला पाव, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यूयॉर्कचे लोक आपल्या बेगलचं श्रेय शहराच्या पाण्याला देतात. ते पाणी कॅट्सकिल डोंगरांकडून येतं आणि मृदू असतं, हे खरं. पण मॉल्ट, थंडीतली रात्र आणि हंडा या तीन गोष्टी नीट सांभाळल्या तर बेगल कुठल्याही गावी चांगला होतो. न्यूयॉर्कच्या पाण्याशिवाय चांगला बेगल होतो, हे मॉन्ट्रियलनं शंभर वर्षं दाखवून दिलं आहे.

जन्म पोलंडचा. पाव भाजून विकणं या साध्या गोष्टीलाही तिथल्या ज्यूंना परवानगी लागत होती, हे त्याच्या चरित्राचं पहिलं पान. 1264 मध्ये बोलेस्वाव या ड्यूकनं कालिश इथे ज्यूंना सनद दिली. इतरांप्रमाणे ज्यूंनाही माल विकता-घेता यावा आणि पावाला हात लावता यावा, असं तिच्यात लिहून द्यावं लागलं. पावाला हात लावायला सनद! आणि तीनच वर्षांनी, 1267 मध्ये, व्रोत्सवाफच्या धर्मसभेनं ख्रिस्ती लोकांना बजावलं, की ज्यूंकडून खाण्याच्या वस्तू घेऊ नका, त्यांत विष असेल. ड्यूक एका हातानं देत होता, चर्च दुसऱ्या हातानं काढून घेत होतं. या दोघांच्या मधल्या अरुंद जागेत ज्यू बेकरांनी भट्ट्या पेटवल्या.

त्याच मुलखात बेगलचा एक थोरला भाऊ आधीपासून नांदत होता. त्याचं नाव ओबवाझानेक. पिठाच्या दोन वळ्यांना पीळ देऊन केलेलं कडं, तेही आधी पाण्यातून काढून मग भाजलेलं. 1394 सालच्या पोलिश दरबाराच्या हिशोबात राणी याद्विगासाठी ही कडी आणल्याची नोंद आहे. 1496 मध्ये राजा यान ओल्ब्राख्तनं क्राकोवच्या बेकरांना पांढऱ्या पावाचा हक्क दिला, त्यात ओबवाझानेकही होता. आजही क्राकोवच्या चौकाचौकांत हातगाड्यांवर तो मिळतो आणि 2010 पासून त्या शहराच्या नावाची युरोपीय महासंघाची भौगोलिक ओळख त्याला आहे. धाकट्याच्या वाट्याला दरबार आला नाही. 1610 मध्ये क्राकोवच्या ज्यू पंचायतीनं मुलाच्या सुंतेच्या समारंभात कुणी किती खर्च करावा याचे नियम केले. ऐपतीबाहेर थाट करू नये, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत येऊ नये, हा हेतू. त्या नियमांत बेगलचा उल्लेख येतो. त्याच्या नावाची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. लोकांच्या तोंडी मात्र दुसरीच कथा असते. 1683 मध्ये पोलंडच्या यान सोबिएस्की राजानं व्हिएन्नाला तुर्कांच्या वेढ्यातून सोडवलं, तेव्हा तिथल्या एका बेकरानं घोडेस्वार राजासाठी रिकिबीच्या आकाराचा पाव केला, तोच बेगल. कथेला रंग आहे, पण 1610 ची नोंद तिच्याहून त्र्याहत्तर वर्षांनी जुनी आहे. राजाच्या रिकिबीपेक्षा बाळाच्या घरचा जन्म मला बेगलला जास्त शोभतो.

बारशाच्या घरी आला तसा तो सुतकाच्या घरीही गेला. ज्यू रीतीत दफन करून आल्यावर घरच्यांनी पहिलं जेवण स्वतः रांधायचं नसतं, शेजारी आणून देतात. त्यात गोल पदार्थ असतात: उकडलेली अंडी, मसूर, बेगल. गोल वस्तूला आरंभ नसतो, शेवट नसतो, तसं जन्ममरण फिरत राहतं, असा त्यामागचा भाव सांगतात. एकच पदार्थ बाळाच्या पाळण्याजवळ आणि मृताच्या घरी, दोन्हीकडे त्याच साध्या रूपात जातो. त्याच्यावर दागिने चढवायची कुणाला गरज वाटली नाही.

मधल्या भोकाला रस्त्यावरचा उपयोग होता. दोरीत ओवून, काठीवर चढवून बेगल हिंडवता यायचे. ना ताट लागे, ना दुकान. टोपलीभर बेगल उधारीवर घ्यायचे, दिवसभर थंडीत ओरडत फिरायचं आणि संध्याकाळी भट्टीवाल्याचे पैसे देऊन उरतील त्यात घर चालवायचं. पोलंडच्या गावांत हे काम बहुधा विधवा आणि पोरं करत. त्यातल्या कितीकांजवळ परवाना नसे, आणि पोलीस दिसला की टोपली घेऊन पळावं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी क्राकोवमध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते. 1941 मध्ये त्यातल्या मागे उरलेल्यांना पॉडगुझेच्या कोंडवाड्यात घातलं आणि 1943 च्या मार्चपर्यंत तो कोंडवाडाही रिकामा केला. भट्टीवाले, टोपलीवाल्या बाया, ओरडणारी पोरं, सगळी गेली. क्राकोवच्या ज्यू वस्तीतला बेगल त्यांच्याबरोबर संपला. आज त्या वस्तीत पुन्हा बेगल विकले जातात, पण ते अमेरिकेहून माघारी आलेले.

कारण त्याआधीच तो जहाजात चढला होता. 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले आणि त्यातले पुष्कळजण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या चाळींत राहिले. चाळींच्या तळघरांत बेकऱ्या होत्या. छत हाताला लागेल इतकं खाली, वारा नाही, भिंतींना ओल, उंदीर-झुरळं, आणि भट्टीची धग चोवीस तास. कारागीर कंबरेपर्यंत उघडे राबत आणि पुष्कळदा पिठाच्या पोत्यांवरच झोपत. न्यूयॉर्क राज्यानं 1895 मध्ये कायदा केला, की बेकरी कामगाराकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निकालानं तो रद्द केला; किती तास राबायचं हा मालक आणि मजूर यांच्यातल्या कराराचा प्रश्न आहे म्हणून. तो खटला बेगलवाल्यांचा नव्हता, युटिका गावच्या एका बेकरीचा होता. पण तळघरातल्या प्रत्येक भट्टीपर्यंत त्याची झळ गेली. न्यायालय वाचवणार नाही हे कळल्यावर माणसं जे करतात तेच बेगल कारागिरांनी केलं. एकत्र आले.

त्यांच्या संघटनेचं नाव ‘बेगल बेकर्स लोकल 338’. जगातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात इतकी लहान आणि इतकी बळकट संघटना क्वचितच सापडेल. सभासद जेमतेम तीनशे. न्यूयॉर्क आणि आसपासच्या जवळपास सगळ्या बेगल बेकऱ्यांत हेच तीनशे हात काम करत. सभासदत्व बापाकडून मुलाला किंवा पुतण्या-भाच्याला मिळे, बाहेरच्याला दार बंद. कामकाज दीर्घकाळ यिद्दिश भाषेत चाले. चौघांची एक टोळी: दोघे ओट्यावर वळणारे, एक हंड्यावर, एक भट्टीवर. मजुरी नगावर. त्यामुळे वळणाऱ्याचा हात जितका चालता, तितका घरात पैसा. हे काम पुस्तकातून शिकता येत नव्हतं, आणि शिकवायचं कुणाला हे शिकलेल्यांच्या हाती होतं. मालकापाशी भट्टी होती, इमारत होती, पीठ होतं. पण वळणारा हात मिळवायला त्याला संघटनेच्या दारातच जावं लागे. इतरांवर दार बंद ठेवणं मला पूर्ण पटत नाही. तरी तळघरात पोत्यावर झोपणाऱ्यांच्या मुलांनी पगार, रजा आणि आरोग्याचा खर्च मिळवला तो याच बंद दाराच्या जोरावर, हेही मान्य करायलाच हवं.

त्यांचं बळ शहराला कळलं 1951 च्या डिसेंबरात. मालकांशी तंटा झाला आणि न्यूयॉर्कच्या 34 बेगल बेकऱ्यांपैकी 32 बंद पडल्या. वर्तमानपत्रांनी याला बेगलचा दुष्काळ म्हटलं. रविवारची न्याहारी अडली. बेगल नाही म्हणून खारवलेला सॅमन कुणी विकत घेईना, त्याचा खप एकदम घसरला. तंटा मिटवायला राज्य सरकारनं जो मध्यस्थ नेमला, त्यानं काही वर्षांपूर्वी, 1947 मध्ये, सॅमनच्या धंद्यातला संप मिटवला होता. सात आठवड्यांनी, फेब्रुवारीत, भट्ट्या पुन्हा पेटल्या. तीनशे माणसांनी हात थांबवले आणि ऐंशी लाखांच्या शहराला आपली न्याहारी कुणाच्या हातून येते ते समजलं.

सॅमन आणि बेगल यांची जोडी पोलंडची नव्हे, ती न्यूयॉर्कला जमली. पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅमन खाऱ्या पाण्याच्या पिंपांत भरून आगगाडीनं खंड ओलांडून पूर्वेला येऊ लागला आणि स्वस्त झाला. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाहीत, मासा आणि दूध मात्र चालतं. दुधाकडून आलं क्रीम चीज. ते 1872 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकानं तयार केलं आणि 1880 पासून, फिलाडेल्फियाशी काही संबंध नसताना, त्या शहराच्या नावानं खपलं. खारट मासा, आंबूस-गोड चीज, कच्चा कांदा, आणि या सगळ्यांना पेलणारा बेगल. मऊ पाव या ओझ्याखाली पिचला असता. अशा मालाच्या दुकानांपैकी ‘रस अँड डॉटर्स’ अजून ह्यूस्टन स्ट्रीटवर उभं आहे. जोएल रस यांनी 1914 मध्ये ते सुरू केलं आणि 1930 च्या दशकात पाटीवर ‘आणि मुली’ असं लिहिलं. तीन मुलींनी गल्ल्यावर आणि सुरीवर राबून ते नाव कमावलं होतं.

मग यंत्र आलं. बेगल वळणारं यंत्र करायचा प्रयत्न खूपजणांनी केला होता, पण इतक्या घट्ट पिठापुढे लोखंड हार खायचं. लॉस एंजेलिसच्या डॅनियल थॉम्प्सन यांचे वडील बेकर. त्यांनीही खटपट करून पाहिली होती. मुलगा शाळेत शिक्षक झाला आणि गॅरेजमध्ये यंत्रं जोडत राहिला. घडी घालून चाकांवर ढकलता येणारं टेबल टेनिसचं टेबलही त्याच्याच डोक्यातून निघालं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं बेगलयंत्र चालू लागलं. एक बिनसराईत माणूस त्यावर तासाला चारशे बेगल काढू शके. पहिलं यंत्र भाड्यानं घेतलं कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबानं. हॅरी लेंडर 1927 मध्ये पोलंडच्या लुब्लिनहून आलेले बेकर. मरे आणि मार्विन या त्यांच्या मुलांनी बेगल गोठवून, मधोमध कापून, पिशवीत भरून अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात पाठवले. ज्या गावी एकही ज्यू नव्हता, त्या गावच्या फ्रीजरमध्ये बेगल जाऊन बसला. 1984 मध्ये क्राफ्ट या बलाढ्य अन्नकंपनीनं लेंडरचा धंदा विकत घेतला. तोवर लोकल 338 इतिहासजमा झाली होती. यंत्राला सभासदत्व लागत नाही.

लेंडर बंधूंना दोष द्यायला माझं मन घेत नाही. त्यांच्यामुळे गरिबांचा, एका जमातीचा पाव कोट्यवधींच्या ताटात गेला. पण या प्रवासात त्याचा स्वभाव गेला. नव्या गिऱ्हाइकाला चावायचे कष्ट नको होते म्हणून पीठ सैल केलं. घट्ट पिठानं यंत्र अडतं म्हणूनही सैल केलं. हंडा काढून वाफ आणली. गाभ्यात ब्लूबेरी आणि दालचिनी गेली, वरून चॉकलेट आलं. आणि तो फुगत गेला. पूर्वीचा तीन इंची बेगल पाहता पाहता सहा इंचांचा झाला आणि उष्मांक 140 वरून 350 वर गेले, असा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं दिला आहे. मधलं भोक बुजत चाललं. सुपरमार्केटच्या पिशवीत हल्ली बेगल नावानं जे मिळतं, ते दाबलं तर दबतं. माझ्या लेखी तो बेगल नव्हे, त्याचं फक्त नाव लावणारा कुणीतरी आहे.

मूळ स्वभाव ज्यांनी सांभाळला त्यांत मॉन्ट्रियलचा मान पहिला. तिथला बेगल लहान, हडकुळा, भोक ऐसपैस. पिठात मीठ नाही, अंडं थोडं असतं, उकळत्या पाण्यात मध. भट्टी लाकडाची, त्यामुळे प्रत्येक बेगल एका बाजूला थोडा जास्त भाजलेला, कुठे करपलेला. लांबलचक लाकडी फळीवरून तो भट्टीतून ओळीनं बाहेर येतो आणि तिळात लोळतो. फेअरमाउंट बेगल या बेकरीची मुळं 1919 पर्यंत जातात. तिच्यापासून चार पावलांवर, 1957 मध्ये, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेल्या मायर लेव्कोविच यांनी सेंट-व्हिएतर बेगल सुरू केली. दोन्ही बेकऱ्यांत अजून हातानं वळतात. कोणती श्रेष्ठ यावर मॉन्ट्रियलची घरंच्या घरं भांडतात. 2008 मध्ये त्या शहरात वाढलेले अंतराळवीर ग्रेगरी शॅमिटॉफ आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी बरोबर फेअरमाउंटचे तीळ लावलेले 18 बेगल नेले. लंडनच्या ब्रिक लेनवर त्याला ‘बायगल’ म्हणतात. तिथलं ‘बायगल बेक’ 1974 पासून दिवसरात्र उघडं असतं आणि रात्रपाळीवाले, टॅक्सीवाले, विद्यार्थी खारवलेल्या गोमांसाचा बेगल मोहरी लावून खातात. जेरुसलेमच्या रस्त्यांवर बेगल म्हणून जे लांबट, तीळभरलं कडं मिळतं, ते मात्र पाण्यातून जात नाही. ते पॅलेस्टिनी कआक. चवीला सुरेख, पण त्याचं कूळ निराळं.

महाराष्ट्रात ज्यू म्हटलं की आपल्याला रायगडच्या किनाऱ्यावरचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल आठवतात. ते शतकानुशतकं मराठी बोलत आले. बेगल त्यांच्या स्वयंपाकघरातला नाही. त्यांच्या मंगलप्रसंगी असते मलिदा: पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं, एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावानं वाटलेली. एका धर्माच्या दोन घरांत सणासुदीला इतके वेगळे पदार्थ येतात, कारण दोन्ही घरांनी भोवतालच्या मातीतलं धान्य आपलं केलं. क्राकोवच्या ज्यूंनी गहू घेतला, अलिबाग-पेणच्या ज्यूंनी भात.

मराठी माणसाची आणि बेगलची खरी ओळख झाली ती न्यू जर्सी, बोस्टन, टोरांटोला नोकरीशिक्षणासाठी गेल्यावर, बहुतेक वेळा ऑफिसच्या सकाळच्या बैठकीतल्या खोक्यात. शाकाहारी लोकांच्या मदतीला तो लगेच धावून आला, कारण साध्या बेगलमध्ये अंडं-दूध काही नसतं. फक्त एवढं पाहावं, की तो ‘एग बेगल’ नाही ना आणि मॉन्ट्रियल पद्धतीचाही नाही ना. पण बैठकीच्या खोक्यातला बेगल सकाळी कधीचा तरी आणलेला, गार आणि चिवट असतो, आणि कित्येकांचं मत तिथेच कायमचं बनतं. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्याचं आयुष्य फार थोडं असतं. पोटात स्निग्ध काही नसल्यामुळे भट्टीतून निघाल्यावर चार-पाच तासांत तो वाळायला लागतो, संध्याकाळपर्यंत रबर होतो. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर साल लगेच मऊ पडते, म्हणून चांगले बेकर तो कागदी पिशवीत देतात. उरला तर त्याच दिवशी गोठवावा, आणि खाताना थोडं पाणी शिंपडून भट्टीत गरम करावा.

टोस्ट करावा की नाही यावर न्यूयॉर्कमध्ये वाद आहेत. माझं म्हणणं असं, की शिळा असेल तर जरूर भाजा, ताज्याला मात्र हात लावू नका. भट्टीतून नुकत्या निघालेल्या बेगलला पुन्हा आगीत घालणं म्हणजे त्याची नुकती जमलेली साल मोडणं. क्रीम चीजही थोडंच लावावं. थापीनं लिंपल्यासारखं लावलं तर चव चीजची राहते, बेगलची नव्हे. आणि पहिला बेगल खावा तो नुसता. तीळ किंवा खसखशीचा, काहीही न लावता, हातानं तोडून.

म्हणून न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल किंवा लंडनला गेलात, किंवा तिथे राहत असाल, तर एवढं करा. दुकानात शिरल्यावर विचारा, की इथे बेगल पाण्यात उकळता का. हो म्हणाले तर मागे वाफाळता हंडा दिसतो का बघा. त्या क्षणी भट्टीतून कोणता निघतोय ते विचारा आणि तोच घ्या, मग तो तुमच्या आवडीचा असो वा नसो. कापून देऊ का असं विचारतील, नको म्हणा. न्यूयॉर्कमध्ये तर अख्ख्या बेगलवर विक्रीकर नाही, दुकानदारानं त्यावर सुरी फिरवली की लागतो.